विषय: पुस्तकपेटीचा पोकेस्टॉप करायचा का?

मंडळी, नमस्कार.

आमच्या अंगणातली मंडळाची पुस्तकपेटी तुम्हाला माहीत आहेच. रविवारच्या मराठी शाळेतली मुलं मागे लागली आहेत, "काकू, हिचा पोकेस्टॉप करूया ना!" पोकेस्टॉप म्हणजे पोकेमॉन गो या फोनवरच्या खेळात नकाशावर दिसणारी खरी जागा; तिथे जाऊन खेळातल्या वस्तू मिळवायच्या. मला कल्पना आवडली. पेटीतली इंग्रजी पुस्तकं दोन दिवसांत जातात. काल दार उघडलं, तर अंकलिपीवर मी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी तशीच होती: "घेऊन जा, परत करायची घाई नाही." खेळाच्या निमित्ताने कुणी दार उघडलं तर हवंच आहे. पण शेजारच्या आजी एकट्या असतात, रात्री अनोळखी माणसं बाहेर थांबली तर त्या घाबरतील. जाणकारांनी कृपया सांगावं.

– पेटीवाल्या काकू

---

उत्तर: पुस्तकपेटीचा पोकेस्टॉप करायचा का?

काकू, नमस्कार.

मी जुलै २०१६ पासून खेळतोय, आणि वेफेअररवर, म्हणजे पोकेस्टॉपसाठी जागा सुचवायच्या संकेतस्थळावर, लोकांनी सुचवलेल्या जागा तपासतो. अंगणातल्या पेटीसाठी अर्ज करू नका. एका कुटुंबाच्या घराच्या आवारातली जागा नियमातच बसत नाही, पेटी कितीही सुंदर असली तरी. नकाशावरची पिन थोडी सरकवून पेटी पदपथावर दाखवायचा सल्लाही कुणी देईल. तो ऐकू नका, ती फसवणूक होईल.

तुमची काळजी खरी आहे. सुरुवातीचे स्टॉप इन्ग्रेस या आधीच्या फोनवरच्या खेळाच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागांवरून आले होते, त्यामुळे २०१६ मध्ये अनेकांच्या दारात अचानक गर्दी झाली. घरमालक कोर्टात गेले. २०१९ च्या तडजोडीत ठरलं, की अशा घराच्या आवारात किंवा ४० मीटरच्या आत स्टॉप असेल, तर मालकाच्या तक्रारीवरून तो काढायचा.

मला मात्र ही पेटी नकाशावर मनापासून हवी आहे. अंगणातल्या पुस्तकपेटीची कल्पना आपल्या शेजारचीच! सेंट क्रॉय नदीपलीकडे विस्कॉन्सिनमधल्या हडसनला टॉड बोल यांनी २००९ साली शिक्षिका असलेल्या आईच्या आठवणीत एका खोलीच्या शाळेसारखी पेटी बनवून अंगणात उभी केली. आपली पेटी बागेच्या कडेला नेऊ या, बागखात्याची परवानगी घेऊन. झोक्यांजवळ नको. नकाशाच्या एका छोट्या चौकोनात एकच स्टॉप दिसतो आणि खेळाच्या जागेचा स्टॉप तिथे आधीच आहे.

अजून एक. आता सुमारे ८० मीटरवरूनही फोनवर स्टॉपची चकती फिरवून वस्तू मिळवता येतात, म्हणजे कितीतरी जण पेटीपाशी न येताच पुढे जातील. त्यांना दिसेल तो फक्त फोटो. म्हणून दारावर मोठ्या देवनागरीत "पुस्तक घ्या, पुस्तक ठेवा" लिहू आणि मगच फोटो काढू, भर दिवसा, कुणाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर न येता. फोनवर ती अक्षरं पाहून एखादं मराठी पोर थांबेल, आईला हाक मारेल.

– रविवारच्या शाळेतला दादा

---

उत्तर: पुस्तकपेटीचा पोकेस्टॉप करायचा का?

दादा, फार बरं झालं सांगितलंस. सोमवारी बागेच्या ऑफिसात जाते. बर्फ पडायच्या आत खांब रोवायला हवा, नंतर जमीन दगडासारखी होते. अक्षरं मुलांकडूनच लिहून घेऊ. निळा रंग माझ्याकडे उरलाय, पांढरा कुणाकडे असेल तर रविवारी घेऊन या.

– काकू