सल्ला हवा: वसाहतीतल्या गोऱ्या लेखिकांनी रंगवलेल्या मूळनिवासी बायका – काय वाचावं?

शेवंता: आमच्या वाचनगटाचा पुढचा विषय ठरलाय. कॅनडा, ऑस्ट्रेलियात जाऊन वसलेल्या गोऱ्या लेखिकांनी तिथल्या मूळनिवासी बायका कशा रंगवल्या? विषय मीच सुचवला, त्यामुळे पुस्तकं शोधायचं कामही माझ्याच गळ्यात. बहुतेक जणी नोकरीवाल्या, तेव्हा जाडजूड ठोकळे नकोत. एखादं प्रकरण, लेख, कविता चालेल. इंग्रजी चालेल. समीक्षा नको, मूळ लेखन सुचवा.

ओटोनाबीकाठचा: ताई, मी कॅनडातल्या ऑंटारिओत राहतो, तेव्हा सुझॅना मूडीपासूनच सुरुवात करा म्हणणार. ती 1832 साली इकडे आली आणि 1852 मध्ये 'रफिंग इट इन द बुश' छापून आलं. अख्खं वाचत बसू नका. 'द विल्डरनेस, अँड अवर इंडियन फ्रेंड्स' एवढंच प्रकरण घ्या ('इंडियन' म्हणजे तिथले मूळनिवासी). शेजारचे अनिशिनाबे जमातीचे लोक तिच्या घरी येतात, कॅनडाच्या मोठ्या नकाशावर बोट फिरवत ट्रेंट नदीने वर जातात आणि आपलं तळं सापडलं की आनंदाने ओरडायचेच बाकी राहतात. मुलूख त्यांचा, आणि या घरात पाहुणे तेच! मूडीला त्यांच्याबद्दल माया आहे, त्यात खोट नाही. पण कौतुकाच्या मागोमाग 'हे लोक आता नामशेष होणार' हा उसासा येतोच, जणू त्यात आपला काही हातच नाही.

तिची बहीण कॅथरीन पार ट्रेल मला जास्त आवडते. 'द बॅकवुड्स ऑफ कॅनडा' (1836) पत्रांच्या रूपात आहे. रंगवलेले साळिंदराचे काटे बर्चच्या सालीत ओवून केलेली नक्षी, टोपल्यांची देवघेव, हे सगळं ती शेजारणीच्या नजरेने टिपते. आता तिचीच 1852 ची मुलांसाठीची कादंबरी बघा, 'कॅनेडियन क्रूसोज'. इंडियाना नावाची मोहॉक या मूळनिवासी जमातीतली मुलगी गोऱ्या पोरांना रानात तगून राहायला मदत करते आणि शेवटी तिच्या पदरात काय, तर बाप्तिस्मा आणि गोरा नवरा. पत्रात जी बाई समोर बसून सौदा करते, ती गोष्टीत आली की लगेच सुधारायला घेतात. गटात चर्चेला हाच मुद्दा ठेवा, तासभर सहज जाईल.

निंबोणी: इंग्रज लेखिका अॅना जेमसन राहिली की! ती कायमची वसायला आलेली नव्हती हे मान्य, पण 1838 चं तिचं प्रवासवर्णन चुकवू नका. 1837 च्या उन्हाळ्यात ती पार सू सेंट मेरीपर्यंत गेली, तिथल्या ओजिब्वे जमातीच्या घरात राहिली, त्यांनी तिला आपल्यातलं नावही दिलं. 'इंडियन बाई म्हणजे नुसती ओझ्याची धनीण' असं युरोपात सर्रास म्हणायचे. त्यावर ती उलट विचारते, आपल्याकडच्या राबणाऱ्या बायकांचं काय मोठं बरं चाललंय?

कविता हवी असेल तर ऑस्ट्रेलियातल्या एलायझा हॅमिल्टन डनलॉपची 'द अॅबोरिजिनल मदर'. जून 1838 मध्ये मायल क्रीकला गोऱ्यांनी मूळनिवासींचं हत्याकांड केलं आणि डिसेंबरात ही सिडनीच्या वर्तमानपत्रात छापून आली. जिवानिशी सुटलेली आई कडेवरच्या बाळाला गप्प करत बोलते आहे. भाषा पार व्हिक्टोरियन, रडकी म्हणा हवं तर. पण त्या वर्षी, त्या गावात हे छापायला छाती लागत होती.

जुना_वाचक: नुसत्या गोऱ्या लेखिका वाचून भागणार नाही. पॉलीन जॉन्सनचा 1892 चा लेख घ्या, 'अ स्ट्रॉंग रेस ओपिनियन'. वडील मोहॉक, आई इंग्रज. कादंबऱ्यांतल्या 'इंडियन मुली'ची तिने अशी काही हजेरी घेतली आहे की बस्स. नायिकेचं नाव ठरलेलं, विनोना. बाप सरदार. जमात कोणती ते लेखकाला सांगावंसं वाटत नाही. जीव जडणार गोऱ्या नायकावर आणि शेवटी मरणार ही. लेख छोटा आहे, आणि हसू येतं.

शिवाय जेमसन ज्यांच्याकडे पाहुणी गेली त्यांच्यातली जेन जॉन्स्टन स्कूलक्राफ्ट स्वतः इंग्रजीत आणि ओजिब्वेत कविता करायची. मुलांना दूर शाळेत ठेवून परततानाची तिची कविता आहे, ती आधी वाचा आणि मग जेमसन.

रानजाई: थोडं अवांतर. मेरी फ्रियर ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी, वसाहतकरी नव्हे, म्हणून विषयात नीट बसत नाही. पण 'ओल्ड डेक्कन डेज'मधल्या (1868) गोष्टी तिला आया अॅना लिबराता डिसोझा हिने सांगितल्या, आणि सुरुवातीला त्या आयेची स्वतःची हकीकत आहे. ती मेमसाहेबांनी उतरवून घेतलेली, हे लक्षात ठेवून वाचायचं.

शेवंता: सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. पहिल्या बैठकीला मूडीचं प्रकरण आणि पॉलीन जॉन्सन. दुसरीला ट्रेलची पत्रं. @ओटोनाबीकाठचा, पत्रं सगळी घ्यावीत की निवडक?

ओटोनाबीकाठचा: निवडक. झाडाफुलांची पानं बरीच आहेत, ती खुशाल गाळा. मूडी आणि ट्रेल दोघी प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतील.