४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ का नाही?

प्रश्न: २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही संख्या फ्रेंच गणितज्ञ फर्माने मूळ मानली होती, कारण त्याच रीतीने (घातांक १, २, ४, ८ आणि १६ घेऊन) मिळणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या आधीच्या पाचही संख्या मूळ आहेत. तिला ६४१ ने भाग जातो हे स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले. संगणकाशिवाय हा विभाजक कसा सापडतो?

उत्तर १: या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. म्हणून १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच तपासावे लागतात.

उत्तर २: प्रत्यक्ष भागाकार न करताही हे सिद्ध होते, आणि मला ही सिद्धता अधिक सुंदर वाटते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, तसेच ६२५ + १६. ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीच्या हिशेबात ५ × १२८ हे −१ च्या बरोबरीचे असल्याने त्याचा चौथा घात, म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, १ च्या बरोबरीचा ठरतो. आता ६२५ च्या जागी −१६ ठेवल्यास २ चा ३२ वा घात −१ येतो, म्हणजे त्यात १ मिळवल्यावर बाकी ० उरते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ आहे का?

उत्तर १: होय. त्याचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा लहान असल्याने त्याच साच्यातले मोजकेच विभाजक तपासावे लागतात.