टेनेसीचा एसबी १: तेच इंजेक्शन एकाला चालतं, दुसऱ्याला का नाही?

अरुंधती
टेनेसीचा एसबी १ कायदा अल्पवयीनांना लिंगबदलासाठी ब्लॉकर (वयात येणं थांबवणारी औषधं) आणि हार्मोन द्यायला बंदी घालतो. तो वैध ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा स्कर्मेटी खटल्यातला निकाल (१८ जून २०२५, ६ विरुद्ध ३) वाचतेय. सातव्या वर्षीच वयात येऊ लागलेल्या मुलीला ल्युप्रोलाइड हे ब्लॉकरचं इंजेक्शन देता येतं, पण जेंडर डिस्फोरिया (जन्मतः ठरलेलं लिंग आणि स्वतःची लिंगओळख जुळत नसल्याचा त्रास) असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला तेच देणं टेनेसीत बेकायदा. मग हा लिंगभेद नाही असं कोर्ट कशावरून म्हणतं? आणि आता सगळ्या राज्यांतला वाद मिटला का?

सुहास_प
बंदी औषधावर नाही, ते कशासाठी द्यायचं त्यावर आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या मते वर्गवारी वयावर आणि उपचाराच्या कारणावर होते. डिस्फोरियासाठी मुलालाही मिळत नाही, मुलीलाही नाही. एकदा हे मानलं की लिंगभेद करणाऱ्या कायद्यांना लागणारी कडक कसोटी गळून पडते आणि राज्याकडे काहीतरी तर्कसंगत कारण असलं की भागतं. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायोर यांचा आक्षेप इथेच आहे: मुलग्यासारखी शरीरवाढ व्हावी म्हणून टेस्टोस्टेरॉन मुलाला चालतं, मुलीला नाही. म्हणजे रुग्णाचं लिंग पाहिल्याशिवाय डॉक्टरला कायदा पाळताच येत नाही. मला हेच पटतं.

मेघा_के
वाद मिटलेला नाही. पालकांच्या हक्काचा मुद्दा कोर्टाने सुनावणीला घेतलाच नव्हता, शस्त्रक्रियाबंदीही समोर नव्हती. शिवाय राज्यांच्या घटना वेगळ्या. मॉन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या बंदीवरची स्थगिती कायम ठेवली, ती राज्यघटनेतल्या खासगीपणाच्या हक्कावर. टेनेसीत समुपदेशनाला मनाई नाही. डॉक्टरला मात्र प्रत्येक उल्लंघनामागे २५,००० डॉलर दंड होऊ शकतो.

सुहास_प
पुराव्याबद्दलही बोलायला हवं, कारण दोन्ही बाजू कॅस अहवाल (मुलांच्या लिंगओळखीसंबंधी उपचारांचा आढावा, इंग्लंड, एप्रिल २०२४) सोयीने वापरतात. 'पुरावा कमकुवत' याचा अर्थ अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गट नाही, पाठपुरावा अपुरा. अपाय सिद्ध झाला असा नाही, आणि फायदा पक्का असाही नाही. इंग्लंडनेही ब्लॉकर रोखले, पण आधीपासून घेणाऱ्यांना चालू ठेवू दिले. टेनेसीने चालू उपचारांनाही ३१ मार्च २०२४ ची मुदत घातली, हे मला फार कठोर वाटतं. औषध थांबलं की काही महिन्यांत शरीर पुन्हा वयात येऊ लागतं.

मेघा_के
म्हणूनच राज्य बदलणाऱ्या कुटुंबाने कागद आधी मागून घ्यावेत: शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि मात्रा, हिस्ट्रेलिनची कांडी (त्वचेखाली बसवायचा ब्लॉकर) दंडात असेल तर ती कधी बसवली (साधारण वर्षभर चालते), एलएच-एफएसएच या वयात आणणाऱ्या हार्मोनचे रिपोर्ट, उंचीचा तक्ता. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन हमखास राहून जातो. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार तो दर एक-दोन वर्षांनी व्हायला हवा. आधीचा नसेल तर नव्या डॉक्टरला तुलना कशाशी करणार हेच कळत नाही.