‘प्रथम विभाग’ पहिला का नाही? लीग, साखळी, व्यावसायिक

शिरोड्याहून

आमच्या वाडीतला एक मुलगा गोव्यातल्या एका क्लबकडून फुटबॉल खेळतो. यंदा त्याच्या संघाने ‘फर्स्ट डिव्हिजन’ जिंकली. सत्काराचा फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी लिहिलं, ‘गोवा प्रथम विभाग अजिंक्य संघाचा खेळाडू’. फलक लागला, लोकांनी पेढे वाटले. मग मुलगाच मला बाजूला घेऊन म्हणाला, “काकी, लोकांका वाटता आम्ही गोव्यात पयले इलव. आम्ही अजून प्रो लीगमध्ये खेळाक पण नाय.”

तेव्हापासून तीन शब्द डोक्यात आहेत. पहिला विभाग प्रो लीगच्या खाली, दुसऱ्या पायरीवर कसा? प्रो लीगला, म्हणजे प्रोफेशनल लीगला, ‘व्यावसायिक साखळी’ म्हणणं बरोबर आहे का? आणि ‘रेलिगेशन’ला, म्हणजे हरत राहिलेला संघ खालच्या पायरीवर जातो त्याला, आपल्याकडे काय म्हणावं?

म्हापशाहून

ताई, तुमचं भाषांतर चुकलेलं नाही. नावच फसवं आहे. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात गोव्यात प्रोफेशनल लीग आली आणि माथ्यावर बसली. खालच्या पायऱ्या मात्र फर्स्ट, सेकंड, थर्ड डिव्हिजन अशाच राहिल्या. इंग्लंडमध्येही 1992 साली प्रीमियर लीग निघाल्यावर दुसऱ्या पायरीचं नाव 2004पर्यंत फर्स्ट डिव्हिजनच होतं. मराठीत लिहिताना ‘प्रथम विभाग’ लिहाच, पण ‘प्रो लीगच्या खालची श्रेणी’ हे जोडा. ‘विभाग’ म्हटलं की शेजारीशेजारी पाडलेले भाग वाटतात, जसे कोकण विभाग, पुणे विभाग. ‘श्रेणी’त वर-खाली आपोआप येतं.

आता ‘साखळी’. हा शब्द मला फार आवडतो (आणि आमच्याकडे साखळी नावाचं गावही आहे), पण तो खेळवायच्या पद्धतीचा आहे. प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो ती साखळी, हरला तो घरी जातो ती बाद पद्धत. विश्वचषकातही आधी साखळी फेरी असते, पण तेवढ्यावरून त्याला कुणी लीग म्हणत नाही. लीग म्हणजे वर्षानुवर्षं चालणारी, बहुधा चढ-उताराच्या पायऱ्या असलेली व्यवस्था. तेव्हा संस्थेला लीग म्हणावं, पद्धतीला साखळी. दोन्ही शब्द हवेत.

हिशेब बघा. 12 संघांची बाद स्पर्धा 11 सामन्यांत आटोपते आणि कुणी एकाच सामन्यात घरी जातो. त्याच 12 संघांची एकेरी साखळी म्हणजे 66 सामने, प्रत्येकाला हमखास 11. महिन्याचा पगार देऊन खेळाडू ठेवणाऱ्या क्लबला हे हमखास सामने लागतात. इंग्लंडमध्ये पैसे देऊन खेळाडू ठेवायला 1885 साली मान्यता मिळाली आणि तीनच वर्षांत, 1888 मध्ये, 12 क्लबांनी फुटबॉल लीग काढली. पगार आधी, लीग मागाहून.

मालवणहून

‘व्यावसायिक’बद्दल मला सांगायचंय. पहिलं म्हणजे ‘व्यवसायिक’ नव्हे, ‘व्या’ला काना हवाच. दुसरं, आमच्या सिंधुदुर्गात हा शब्द दशावतारी नाटकांमुळे घरोघरी कळतो. व्यावसायिक दशावतारी मंडळ आणि हौशी मंडळ यांतला फरक इथलं शेंबडं पोरही सांगेल. हौशी मंडळातला राजा सकाळी कामावर जातो. व्यावसायिक मंडळातला राजा रात्रभर नाचून पेटारा गाडीत चढवतो आणि पुढच्या जत्रेला निघतो. त्याचं पोट त्या मुकुटावर आहे. जुना शब्द ‘धंदेवाईक’ होता, पण त्याला आता वाईट वास लागलाय, तो खेळाडूला लावू नये.

म्हापशाहून

दशावताराचा दाखला अगदी चपखल. पण गोव्याच्या फुटबॉलमध्ये या दोहोंच्या मध्येही एक जात होती. खाणमालक घराण्यांनी क्लब उभे केले: साळगावकर 1956 साली, पुढे धेंपो. किती तरी खेळाडू कंपनीच्या हजेरीपटावर असायचे आणि दुपारनंतर मैदानावर. ते हौशीही नव्हते, पुरते व्यावसायिकही नव्हते. त्यांना मी ‘नोकरदार खेळाडू’ म्हणेन. याच परंपरेतून आलेल्या धेंपोने देशाची सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली.

जाता जाता, ‘स्पोर्टिंग क्लब द गोवा’ यातला ‘द’ इंग्रजी नव्हे. तो पोर्तुगीज आहे, अर्थ ‘चा’. गोव्याचा क्रीडा क्लब. गोवा फुटबॉल संघटनाही 1959 मध्ये पोर्तुगीज नावानेच सुरू झाली, गोवा मुक्त व्हायच्या दोन वर्षं आधी.

शिरोड्याहून

दादा, रेलिगेशन राहिलं. ‘पदावनती’ वाचलं की मला कचेरीतला हेडक्लार्क आठवतो.

म्हापशाहून

‘बढती’ चालेल, त्यात आनंद आहे. खाली जाण्यासाठी ‘श्रेणी घसरली’ म्हणा, नाहीतर सरळ ‘खालच्या श्रेणीत गेला’. मैदानावर कुणी यापेक्षा मोठा शब्द वापरत नाही.

मालवणहून

आमच्याकडे पण तसाच, “टीम खाली गेली”, “औंदा टीम वर इली”. शब्दकोशात नाही, पण चूक कुठे आहे सांगा.

शिरोड्याहून

नवा फलक रंगवून झाला. ‘गोवा प्रथम विभाग (प्रो लीगच्या खालची श्रेणी) जिंकून यंदा प्रो लीगमध्ये बढती मिळवलेल्या संघाचा खेळाडू’. ओळ लांबली म्हणून पेंटरने ‘अभिनंदन’ लहान काढलंय. मुलाने दोनदा वाचलं आणि म्हणाला, “आता बरोबर.”