रिप्लेचं बळ बंदुकीत की नकारात?

मेघमल्हार
विज्ञानपटांतल्या 'दणकट' नायिकांचं कौतुक करताना आपण दंड आणि बंदुकाच मोजतो. 'एलियन'मधली (१९७९) रिप्ले मला मोठी वाटते ती शेवटच्या झटापटीमुळे नाही. चेहऱ्याला परजीवी चिकटलेल्या सहकारी केनला घेऊन कप्तान डॅलस यानाच्या दाराशी येतो, आत घे म्हणतो आणि ती विलगीकरणाचा नियम सांगून साफ नकार देते. कप्तान बाहेर, म्हणजे त्या क्षणी अधिकार तिचा. यानावरचा विज्ञान अधिकारी अ‍ॅश तिला डावलून दार उघडतो आणि पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो. मूळ पटकथेत ही पात्रं स्त्री वा पुरुष कुणीही करावीत अशीच लिहिली होती. मला खरा स्त्रीवाद तिथे दिसतो.

आर्या_क
अजिबात पटलं नाही. कुणीही चालेल असं पात्र लिहायचं आणि मग तिथे बाई उभी करायची, यात तिच्या बाई असण्याला काय किंमत? शिवाय शेवटी कॅमेरा तिला अंतर्वस्त्रांत न्याहाळतोच. त्याचा पुढचा भाग 'एलियन्स' (१९८६) जास्त प्रामाणिक आहे. ती ५७ वर्षं अंतराळात झोपलेली असते, तोवर तिची मुलगी म्हातारी होऊन वारलेली असते. हा प्रसंग मूळ प्रदर्शनात कापला होता, तो विशेष आवृत्तीत आला. तो पाहिल्यावर न्यूट या अनाथ मुलीसाठीची तिची धडपड कळते.

मेघमल्हार
अंतर्वस्त्रांचा प्रसंग मलाही खटकतो. पण पुरुषाला नायक व्हायला आधी बाप व्हावं लागत नाही. बाई लढली की तिच्या कडेवर मूल का द्यायचं?

धूमकेतू
हे मारधाडीचे चित्रपट आहेत हो. थरार चोख असला की पुरे, त्यावर विचारसरणी कशाला लादायची?

आर्या_क
@धूमकेतू, थरार आणि विचार वेगळे काढताच येत नाहीत. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (२०१५) मॅक्सचे नेम चुकतात, शेवटची गोळी उरते. तो बंदूक नायिका फ्युरिओसाला देतो, ती त्याच्याच खांद्यावर टेकवून अचूक नेम साधते. 'श्वास घेऊ नकोस' एवढंच ती त्याला म्हणते, आणि तरी त्या दोघांचं नातं तिथेच ठरतं.

@मेघमल्हार, 'टर्मिनेटर २' (१९९१) पुन्हा बघा. मनोरुग्णालयातून सुटल्यावर नायिका सारा मुलाला जवळ घेते, त्याला वाटतं माया करतेय. ती जखमा चाचपत असते, आणि लगेच त्याला झापते. इथे आईपण तिला हळवी करत नाही, कठोर करतं. हे कुठल्याही पुरुष पात्रावर चिकटवून दाखवा.

मेघमल्हार
साराचं उदाहरण मान्य. पण मग 'मॅट्रिक्स'मधली (१९९९) ट्रिनिटी घ्या. पहिल्याच प्रसंगात पोलिसांना एकटी लोळवते, नायक निओच्या कितीतरी आधी तिला सगळं येत असतं. तरी तारणहार कोण, तर कालपरवा आलेला तो. तिच्या वाट्याला त्याच्यावरचं प्रेम. तिथे तिचं बाईपण कुणाच्या कामी आलं?