मदत हवी आहे: सर्व्हायव्हल हॉरर गेमची कथा लिहितेय, चावून चोथा झालेल्या गोष्टींतलं काय ठेवू आणि काय काढू?

गव्हाणकाठ

नमस्कार मंडळी,

मावसभाऊ आणि मी मिळून गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा गेम करतोय. कोड त्याचा, कथा आणि संवाद माझे. खेळून संपवायला दोनेक तास लागावेत, एवढाच त्याचा जीव.

जागा म्हणजे एक बंद पडलेला सहकारी साखर कारखाना. (काल्पनिक आहे, कृपया आपापल्या तालुक्यातला शोधू नये.) मुक्ताचे वडील तिथे शिफ्ट केमिस्ट होते. शेवटच्या हंगामात रात्रपाळीला गेले ते परतलेच नाहीत. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या अक्षरातलं पत्र येतं, ‘टाइम ऑफिसपाशी थांबलोय’. मुक्ता रात्री एकटी आत शिरते. डोक्याला मार लागून ती आधीचं बरंच विसरते. जागोजागी मेलेल्या कामगारांच्या डायऱ्या सापडतात. दारांना कुलपं, आणि किल्ल्या भलत्याच इमारतीत. एक म्हातारा मॅनेजर भेटतो, मदत करतो, शेवटी तोच खलनायक निघतो. मग कारखाना स्फोटात उडतो आणि मुक्ता धावत गेटबाहेर.

भावाने वाचलं आणि म्हणाला, "ताई, ही तर रेसिडेंट ईव्हिल आणि सायलेंट हिल या दोन गेम्सची खिचडी आहे." असेल. पण यातलं सगळं काढलं तर उरतो नुसता अंधार आणि बॅटरी. भूत कमी, वातावरण जास्त असा गेम हवाय. जाणकारांनी सांगावं की या ठरीव गोष्टींतल्या कोणत्या खरंच कामाच्या आहेत आणि कोणत्या आपण केवळ सवयीने ओढत आणतो. डायऱ्या आणि शेवट यांवर मी सर्वांत जास्त अडलेय.

प्रतिसादांत जुन्या गेम्सची रहस्यं फुटणार, ज्यांना खेळायचेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

काळोखे

सहकारी कारखाना म्हणताय आणि वर भूतही हवंय? चेअरमन पुरे की.

शाईची_रिबन

काळोखे, :)

गव्हाणकाठ, भावाला सांगा की रेसिडेंट ईव्हिलनेही हे उसनंच घेतलं होतं. १९८९ मध्ये कॅपकॉम या कंपनीने फॅमिकॉम या जुन्या गेमयंत्रावर ‘स्वीट होम’ काढला. शापित वाडा, आत अडकलेली पाच माणसं, मेलेल्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्या, सामानाला तोकडी जागा, दार उघडतानाचं छोटं दृश्य, सगळं त्यात आहे. १९९६ चा रेसिडेंट ईव्हिल सुरुवातीला त्याचीच नवी आवृत्ती म्हणून हाती घेतला होता.

माझं मत विचाराल तर, यातल्या बऱ्याच गोष्टी लेखकाच्या टेबलावर जन्मलेल्याच नाहीत. पहिल्या प्लेस्टेशनला पुढची खोली डिस्कवरून वाचायला वेळ लागायचा. तो वेळ झाकायला काळ्या पडद्यावर कुरकुरत उघडणारं दार दाखवलं, आणि दारापलीकडे काय असेल ही धाकधूक फुकटात मिळाली. १९९९ च्या सायलेंट हिलमधलं धुकंही तसंच, लांबपर्यंतचं गाव एका वेळी काढून दाखवायची त्या यंत्राची ताकद नव्हती. रेसिडेंट ईव्हिलमध्ये टाइपरायटरवर सेव्ह करायला शाईची रिबन लागायची आणि रिबनी मोजक्या. त्यातल्या दोन नायकांपैकी क्रिसच्या खिशात सहा वस्तू मावतात, जिलच्या आठ. रिबन घेतली तर औषधी वनस्पती सोडावी लागते. भीती या हिशेबात असते, झाँबीत तितकीशी नाही.

म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: खेळणाऱ्याच्या हाताला ही काही काम देते का? कुलूप-किल्ली देते. कुलूप म्हणजे त्याच अंधाऱ्या जिन्यावरून पुन्हा जायला लावायचं निमित्त. दुसऱ्यांदा जाताना तोच जिना वेगळा वाटला पाहिजे, एवढं सांभाळा. विस्मृती काहीच देत नाही. खेळणाऱ्याला तशीही मुक्ताच्या आयुष्यातलं काही ठाऊक नसतं, त्यासाठी तिचं डोकं फोडायची गरज नाही. काढून टाका.

डायऱ्यांवर लोक हसतात, मरता मरता कोण लिहीत बसेल म्हणून. पण त्यांचं काम मोठं आहे. भीती टिकायची तर खेळणारा एकटा हवा, आणि एकट्याला गोष्ट सांगणार कोण? जिवंत माणूस आणलात की एकटेपण गेलं. रेसिडेंट ईव्हिलमधली जनावरं सांभाळणाऱ्या नोकराची डायरी आठवा. पहिल्या नोंदीत पत्त्यांच्या डावावरची कुरकुर आहे. मग अंगाला खाज, मग फोड. वाक्यं लहान होत जातात, शेवटी खाज आणि चव एवढे दोनच शब्द उरतात. ती वाचून होते न होते तोच त्या खोलीतल्या कपाटातून तो स्वतः बाहेर येतो. कारस्थानाची माहिती त्यात जवळपास नाही. तुमच्या डायऱ्यांत कामगार कारखान्याचा इतिहास सांगत असतील, तर तिथे कात्री लावा.

मॅनेजरबद्दल. रेसिडेंट ईव्हिलमधल्या वेस्करचा दगा चालला कारण तो तुमच्याच तुकडीचा कॅप्टन होता, हुकूम देणं त्याचं कामच. पडक्या कारखान्यात अचानक भेटलेल्या म्हाताऱ्यावर खेळणारा पहिल्या मिनिटाला संशय घेईल. तो घेऊ द्या, आणि म्हातारा खरंच साधा निघू द्या. संशयापायी खेळणाऱ्याने त्याचं ऐकलं नाही आणि त्यामुळे काही बिघडलं, तर ते जास्त लागेल.

तिसरी_पाळी

गेममधलं मला फार कळत नाही, मुलगा खेळतो तेव्हा मागून बघतो. पण साखर कारखान्यात नोकरी झालीय, तीही प्रयोगशाळेत, म्हणून लिहितो.

डायऱ्या कशाला हव्यात? कारखाना म्हणजे नुसत्या नोंदीच. प्रयोगशाळेत दर पाळीला रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचं प्रमाण), पोल (साखरेचं प्रमाण), प्युरिटी (शुद्धता) लिहायची, खाली शिफ्ट केमिस्टची सही. बॉयलरचं लॉगबुक वेगळं. स्टोअरची बिन कार्डं (मालाच्या आवक-जावकीची) वेगळी. मिश्र रसाचा ब्रिक्स साधारण १३ ते १५ च्या आसपास असतो. कारखाना बंद झाल्यानंतरच्या तारखांनाही आकडे भरलेले आहेत आणि खाली मुक्ताच्या वडिलांची सही आहे, एवढं दाखवा. एक ओळ लिहावी लागणार नाही.

वजनकाट्याची पावतीही घ्या. उसाची गाडी आत येताना भरलेलं वजन होतं, ऊस उतरवून बाहेर जाताना रिकामं वजन. फरक निघतो तो ऊस. तुमच्या पावतीवर रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जड दाखवा.

किल्ल्यांचंही तसंच. सिक्युरिटी ऑफिसात किल्ल्यांचा बोर्ड असतो, कोणी नेली, केव्हा नेली, कधी परत केली याची वही असते. किल्ली भलत्याच इमारतीत सापडली की खोटं वाटतं. वहीत शेवटची सही कोणाची ते बघून त्या माणसाच्या खात्यात शोधायची, हे आम्ही रोज करायचो.

आता स्फोट. साखरेच्या धुळीचा स्फोट होतो, ही दंतकथा नाही. २००८ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथे इंपीरियल शुगरच्या रिफायनरीत झाला, १४ माणसं गेली. पण त्याला चालू कारखाना लागतो, बंदिस्त जागा आणि हवेत कोरडी धूळ लागते. तुमच्या कारखान्यात बॉयलर थंड, गोदाम रिकामं, मळीच्या टाक्या तळाला. उडणार काय? फार तर बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) जुना ढीग आतल्या आत धुमसत राहील.

आणि भोंगा विसरू नका. आमच्याकडचा वाफेवर वाजायचा. वाफ नाही तर भोंगा नाही. पाळी बदलायच्या वेळेला तो वाजला, तर कारखान्यातल्या माणसाला आणखी भूत दाखवावं लागणार नाही.

धुक्यातला

तिसरी_पाळी, त्या पावतीसाठी दंडवत. रिकामी गाडी जड! गेम नाही झाला तरी यावर कोणीतरी कथा लिहा. भोंग्याचंही पटलं, पहिल्या सायलेंट हिलमध्ये गाव पालटतं तेव्हा सायरनच ऐकू येतो.

शाईची_रिबन यांचं अर्धंच पटतंय. सगळं यंत्रावर ढकलू नका. २००१ मध्ये सायलेंट हिल २ नव्या प्लेस्टेशनवर आला तरी धुकं राहिलंच, २०२४ च्या नव्या आवृत्तीतही आहे. आता कोणत्या यंत्राची अडचण होती? तोवर ते धुकं त्यातल्या नायकाचं, जेम्सचं झालं होतं. ठरीव गोष्ट एखाद्या पात्राच्या मनाला चिकटली की ठरीव राहत नाही. तुम्ही विचारताय की ती हाताला काम देते का. मी विचारेन की ती कोणाची आहे.

पत्राचंच घ्या. जेम्सला बायकोचं पत्र येतं, तीन वर्षांपूर्वी आजाराने गेलेल्या बायकोचं. ते तुमच्या सामानात असतं, हवं तेव्हा उघडता येतं. खेळ पुढे सरकतो तशी त्यावरची अक्षरं उडतात, कोरा कागद उरतो, मग तोही जात राहतो. कोणी तसं सांगत नाही, तुम्ही उघडून बघितलं तर कळतं. बायकोला आजाराने नेलंच नव्हतं, उशी जेम्सच्या हातात होती. म्हणजे पत्राची गरज त्यालाच होती. शेवट कोणता मिळणार हेही तुमच्या वागण्यावर ठरतं. जखमी अवस्थेत तसेच हिंडत राहिलात, अँजेला या दुसऱ्या पात्राचा चाकू काढून बघत बसलात, तर गेम समजतो की या माणसाला जगायचं नाही. प्रश्न विचारून पर्याय निवडायला लावत नाही.

विस्मृतीही चालते, फक्त ती कोणीतरी मुद्दाम ओढवून घेतलेली हवी. २०१० च्या ॲम्नेशिया या गेमचा नायक डॅनियल १८३९ साली प्रशियातल्या ब्रेननबर्ग किल्ल्यात जागा होतो. त्याने औषध स्वतःच प्यायलंय आणि स्वतःलाच पत्र लिहून ठेवलंय. आपण काय केलं ते विसरायची त्याला गरज होती. डोक्याला लागलेल्या माराला अशी काही गरज नसते.

तर गव्हाणकाठ, वडिलांचं पत्र लिहिलं कोणी? तुमच्या मजकुरात याचं उत्तर नाही. ते ठरलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटेल. ‘वडील तर आधीच गेलेले होते’ हा धक्का राखून ठेवू नका, तो सगळ्यांना दुसऱ्या खोलीत कळणार. डेड स्पेस या गेमने २००८ मध्ये तर बारा प्रकरणांच्या नावांची पहिली इंग्रजी अक्षरं जोडली की ‘निकोल इज डेड’ असं वाचता येईल अशी सोय करून ठेवली होती, म्हणजे उत्तर पहिल्यापासून समोर. निकोलला शोधणारा नायक आयझॅक, त्याला ते बघायचं नव्हतं एवढंच.

गव्हाणकाठ

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. तिसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद भावाला वाचून दाखवला, तो आता वजनकाट्याचं मॉडेल करत बसलाय.

विस्मृती काढली. स्फोट काढला. डायऱ्यांऐवजी नोंदवह्या.

पत्राचं असं ठरतंय: मुक्ताची आई ते लिहिते. मुलीने एकदा जाऊन बघावं आणि वाट बघणं थांबवावं म्हणून. वडिलांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या वहीवरून तिने अक्षर गिरवलंय. म्हणजे ती वही घरी आहे, आणि तरीही तीच वही मुक्ताला कारखान्यात सापडते, पुढची पानं भरलेली.

आता एकच अडचण. पाठलाग करणारं कोणी हवं, नाहीतर दोन तास नुसतं वाचनालय होईल. हत्यार द्यायचं नाही हे नक्की. डोक्यात रात्रीचा वॉचमन आहे, पण तोही ठरीवच नाही का? आणि सेव्ह कुठे करू द्यायचं? भाऊ म्हणतो कुठेही, मला ते नको वाटतंय.

शाईची_रिबन

आईचं पत्र एकदम बरोबर. धुक्यातला यांचं म्हणणंही मान्य, ‘कोणाची’ हा प्रश्न माझ्याकडून सुटलाच होता.

पाठलाग १९९५ च्या क्लॉक टॉवर या गेमपासून आहे. कात्री घेतलेला मारेकरी आणि हातात काही नसलेली जेनिफर. म्हणून वॉचमन ठरीव आहे यात वाद नाही, पण ठेवा. त्याला नियम द्या आणि मग त्यातला एक मोडा. रेसिडेंट ईव्हिलच्या पहिल्या दोन भागांत दार ओलांडलं की सहसा सुटका होते हे खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडलं होतं. तिसऱ्यात, १९९९ मध्ये, नेमेसिस हा पाठलाग करणारा राक्षस दारातून मागे आला. दुसऱ्या भागाच्या २०१९ च्या आवृत्तीत मिस्टर एक्स हा पाठलाग करणारा दिसण्याआधी त्याचे बूट वरच्या मजल्यावर ऐकू येतात, आणि खेळणारा कोड्याकडे लक्ष न देता छताकडे कान लावून बसतो. वॉचमनकडे काठी आणि शिट्टी आहेच. फेरीचा रस्ता ठरलेला ठेवा, ऐकून ऐकून पाठ होऊ द्या. भोंगा वाजला की रस्ता उलटा.

त्याने पकडलं तर मरण दाखवू नका. आठवडाभर तेच मरणाचं दृश्य बघून भीती विरते. तो मुक्ताला गेटबाहेर काढून देतो आणि वहीत तिचं नाव लिहितो, असं बघा. पुढच्या वेळी आत आल्यावर त्याच वहीत तिचं नाव आधीच्या तारखांनाही दिसलं पाहिजे.

सेव्हसाठी उत्तर तुमच्या पत्रातच आहे. टाइम ऑफिस. हजेरीचं कार्ड पंच केलं की सेव्ह, कार्डं मोजकी. तिथे वॉचमन येत नाही. रॅकमध्ये बाकीच्या कामगारांची कार्डं असतीलच, त्यांतल्या एकावर रोज नवा शिक्का पडू द्या. भावाचा विरोध मला कळतो, मोबाइलवर खेळणाऱ्याला मधेच फोन येतो. गेम बंद केला तर तिथूनच पुढे सुरू व्हावा असं तात्पुरतं सेव्ह द्या, उघडलं की पुसलं जाणारं. खरं सेव्ह फक्त कार्डावर.

तिसरी_पाळी

एक राहिलं. वॉचमन नुसता फिरत नाही. त्याच्याकडे पहाऱ्याचं घड्याळ असायचं आणि प्रत्येक ठिकाणी साखळीने बांधलेली एक किल्ली. ती घड्याळात फिरवली की तो तिथे त्या वेळेला गेला होता याची खूण उमटते, म्हणजे कुठेतरी बसून झोपता येत नाही. तुमचा रस्ता त्या किल्ल्यांवरून आखा. मुक्ताने एखादी काढून नेली तर तो तिथेच अडून राहील, किल्ली शोधत.

काळोखे

हे बघा, मी चेष्टा करायला आलो होतो, आता खेळायचंय. डेमो झाला की याच धाग्यावर दुवा टाका. आणि अँड्रॉइडवर येणार का ते लिहा, माझा लॅपटॉप कारखान्याच्याच वयाचा आहे.