गुलमंडीचा वाडा आणि शुक्रवारपर्यंतची सही

विवेक:
मंडळी, नमस्कार. आबांचा पुतण्या शुक्रवारी इथून भारतात गावाकडं निघतोय, त्याच्याच हाती वाड्याच्या कामाचं मुखत्यारपत्र (माझ्या वतीनं सह्या करायचा अधिकार) द्यायचंय. भारतीय कॉन्सुलेटची वेळ मिळेना. साध्या नोटरीवर कुणाचं काम झालंय का? वाडा तोच आमचा, औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला. चुलतभावांनी बिल्डर पक्का केलाय. खाली दुकानं, वर तीन मजले, तळघरात पार्किंग. मसुद्यात 'पाडणे, विकसित करणे व विक्री करणे' असं सगळं एकाच ओळीत घातलंय. 'पाडणे'वर माझा हात चालेना, आणि भावांना अडवून धरायचंही नाही. लवकर कळवा.

सुनंदाकाकू:
आमच्या वेळी कॉन्सुलेटचा शिक्काच लागला होता. इथून गेलेला कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावून घे. आमची मुदत हुकली आणि दंड भरावा लागला. आम मुखत्यारपत्र अजिबात देऊ नकोस. खास दे, एका कामापुरतं. आणि वाड्याचं सागवान कुणाचं, हे करारात आधी लिहून घे. माझ्या माहेरचा वाडा उतरवला तेव्हा खांब, तुळया, कोरीव दार, सगळं जुन्या लाकडाचा व्यापारी ट्रक भरून घेऊन गेला. आम्हाला एक कडीसुद्धा मिळाली नाही.

मकरंद:
काकू, लाकडाचं सोडा. बिल्डर गल्ली बघून येत नाही, चटईक्षेत्र, म्हणजे किती बांधता येईल ते बघून येतो. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, हे आधी बघा. यादीत असेल तर न वापरता आलेलं चटईक्षेत्र टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडं बांधायचा हक्क म्हणून मिळू शकतं. ते विकून दुरुस्तीचा पैसा उभा राहतो. नसेल तर हातात काहीच नाही. आमचं बेगमपुऱ्यातलं घर बीबी का मकबऱ्याला लागून. तिथं केंद्राचा कायदा आहे, १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. वडील चिडायचे. पण दुरुस्तीला परवानगी मिळते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भिंत वीस वर्षं तशीच पडून राहिली.

इरफान:
विवेकभाई, तळघराचं नीट विचारा. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं शहर वसवलं, ते पाण्याच्या जोरावर. नहर-ए-अंबरीचे, म्हणजे त्याच्या जमिनीखालच्या पाणीयोजनेचे खापरी नळ जुन्या शहराच्या पोटातून गेलेत. आमच्या शेजारी पार्किंगसाठी खड्डा खणला तेव्हा दोन पुरुष खोलीवर नळ निघाला, आत ओल होती. दुपारपर्यंत पोकलेननं तो फोडलाही. अब्बा काठावर उभे राहून बघत होते, त्या दिवशी ते जेवले नाहीत. शहराचा जुना दरवाजा दिसतो, म्हणून तो वाचवायला माणसं जमतात. नळ कुणाला दिसतच नाही.

आबा:
आमच्या लातुरात गंजगोलाई १९१७ सालची. मधोमध अंबाबाई आणि सोळा रस्ते येऊन मिळतात. सराफ, गूळ, कापड, सगळा व्यापार तिथंच. व्यापार आहे म्हणूनच गोलाई टिकली. औरंगाबादवाले दुकानाला शत्रू समजतात, ते चूक आहे.

मकरंद:
आबा, गोलाई एका आखणीनं बांधली. गुलमंडी, सराफा, रंगारगल्ली ही हळूहळू वाढलेली वस्ती आहे. तुलना होत नाही.

आबा:
सराफ्यात दुकान खाली आणि घर वर, हीच तर जुनी रीत. तुलना कशी होत नाही?

वैशाली (आपल्या गटाची वारसा समिती):
दोन विनंत्या. शहराच्या नावाचा वाद इथे नको, मागच्या वेळी दोघं हा गट सोडून गेले. आणि वाड्यांचा विषय आधी समितीकडे यावा, असं गणपतीच्या सभेत ठरलं होतं. फोटो आणि मोजमापांची वही आम्ही करतोय. विवेकने काही पाडण्याआधी जोत्यापासून माळवदापर्यंत फोटो मागवावेत.

मेघना:
वैशालीताई, फोटो काढून होईल, पण तिथं राहायचं कुणी? माझा भाऊ आजही तसल्याच वाड्यात राहतो. माळवद गळायलंय. जूनच्या आधी वर पांढरी माती टाकायची तर जाणता माणूस सापडत नाही. सापडला तर चुना, गूळ, बेलाचं पाणी घालून गिलावा करणारा सापडत नाही. गल्लीत चारचाकी शिरत नाही. आईला दम लागला तेव्हा खाटेवरून पैठण गेटपर्यंत आणलं. आपण इथं गरम पाण्याच्या नळाखाली हात धुतो आणि त्यांना 'पाडू नका' म्हणतो. मला याचा त्रास होतो. विवेक, आधी चुलतभावांना विचार, त्यांना नेमकं काय नको झालंय.

सुनंदाकाकू:
मेघना, खरं आहे तुझं. आमच्याकडे कुणी विचारलंच नव्हतं.

विवेक:
काल रात्री दादाशी, थोरल्या चुलतभावाशी, दीड तास बोललो. मेघना, तू म्हणालीस तसंच निघालं. वाड्यातल्या आमच्या काकूंना जिना चढवत नाही, संडास चौकाच्या पलीकडं, पावसात छत्री घेऊन जावं लागतं. बिल्डरच्या नकाशात हे सगळं सुटतं, म्हणून त्यांनी होकार दिला. वाडा नको झालाय असं कुणीच म्हणालं नाही. मी सुचवलं: रस्त्याकडच्या सोप्यात दुकानं काढा, तशी दोन आधीपासून आहेतच. चौक आणि पुढची लाकडी ओळ राहू द्या. मागचे पडके खण उतरवून तिथं खाली काकूंची खोली आणि संडास बांधा, वर मजला चढवा. तळघर नको. दादा म्हणाला, बिल्डर इतक्यावर येणार नाही. मग दुसरा शोधू म्हटलं, माझ्या वाटणीचा पैसा मागच्या बांधकामात घाला. तो गप्प बसला, नाही म्हणाला नाही.

म्हणून आता खास मुखत्यारपत्र करतोय, फक्त मोजणी आणि मालमत्ता पत्रकावरच्या वारस नोंदीपुरतं. इरफानभाई, नळ दाखवणारा कुणी ओळखीचा असेल तर नंबर मला वेगळा पाठवा. मकरंद, वारसा यादी कुठं बघायची तेही. आबा, पुतण्याचं विमान किती वाजता? कॉन्सुलेटची वेळ शुक्रवारी सकाळी साडेनऊची मिळाली आहे.

आबा:
संध्याकाळी सहाचं. कागद थेट विमानतळावर आण, मी दारात थांबतो.